आक्काची हुग्गी आणि बेडकीचा पाला

आणीबाणी उठून एक-दोन वर्षं झाली असतील, तेव्हा मला साखर निघाली. मी बेळगावात शाळामास्तरीण होते, पस्तिशीही उलटली नव्हती. टिळकवाडीत, पांढरपेशांच्या भागात, आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि लघवी घरीच कशी तपासायची ते शिकवलं. काचेच्या नळीत निळं औषध घ्यायचं, त्यात थेंब टाकून उकळायचं. निळं राहिलं तर बरं, विटकरी झालं तर वाईट. मी ते न्हाणीघरात, दाराला कडी लावून, स्पिरिटच्या दिव्यावर करायची. शेजारणीनं एकदा विचारलं, "कसला वास येतोय हो?" मी म्हटलं, नवसागराचा, भांडी घासतेय. खोटं बोलताना कान तापले होते.

माझं माहेर निपाणीचं. आई तंबाखूच्या वखारीत पाला निवडायची, तिच्यामागून माझी थोरली बहीण, आक्का, तिथंच बसली. तिसरीतून शाळा सोडून ती वखारीत गेली म्हणून मी पुढं शिकले. आमच्या वस्तीत साखर हा सावकारांचा, तूप-पोळीवर वाढलेल्यांचा रोग. अर्ध्या भाकरीवर वाढलेल्या माझ्यासारखीला तो झाला हे मी माहेरी कोणत्या तोंडानं सांगणार? सांगितलंच नाही.

खानापूरच्या कचेरीत आमच्या ह्यांच्याबरोबर जांबोटीचे एक गृहस्थ होते. ह्यांनी त्यांच्यापाशी विषय काढला (त्यावरूनही मी दोन दिवस अबोला धरला). ते रानातून एका वेलीची पानं घेऊन आले. तिकडं तिला बेडकीचा पाला म्हणतात. "वहिनी, दोन पानं चावा आन् मग साखर खाऊन बघा." मी चावली, वरून चिमूटभर साखर जिभेवर ठेवली. साखर कुठली, वाळूच! तासभर गोड म्हणून काही कळेना. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या, सगळं करून झालं होतं. पण हे वेगळंच होतं. डॉक्टरांना दाखवलं तर ते म्हणाले, "असेल गुण. लोक पिढ्यान्पिढ्या घेतात. पण किती, कसा, हे मला सांगता येणार नाही. गोळ्या मात्र सोडू नका." मी गोळ्या सोडल्या नाहीत. पाला मात्र पर्समध्ये ठेवायला लागले, कारण गोड समोर आलं की माझा हात थांबत नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात आक्कानं निपाणीत स्वतःचं घर बांधलं. दोन खोल्या, वर कौलं. घरभरणीला बुद्धवंदना होती आणि मग जेवण. आक्का हुग्गी करणार हे ठाऊक होतं. खपली गव्हाची, गुळातली खीर, वरून खोबरं. ती तिची सगळ्यात मोठी हौस. म्हणून पंगत बसायच्या जरा आधी मी दोन पानं तोंडात टाकली. वाटलं, गोडच लागणार नाही तर जास्त खाणार कशाला.

पंगतीत आक्कानं मला सगळ्यांत आधी वाढलं आणि पळी हातात धरून समोर उभी राहिली. मी घास घेतला. तोंडात नुसता चिकट, तुरट लगदा. तोंड वाकडं झालंच.

"का गं? ग्वाड कमी पडलं?"

"न्हाय आक्का, चांगलं झालंय."

"मग त्वांड कशानं तसं केलंस?"

मी घास गिळायला बघत होते. शेजारच्या पंगतीतली एक म्हातारी म्हणाली, "टिळकवाडीत ऱ्हात्यात न्हवं त्या आता. वस्तीतलं अन्न कसं उतरंल घशाखाली?"

कुणी हसलं नाही. लोकांच्या परसात लांब बसून, वरून टाकलेलं खाल्लेली माणसं होती ती सगळी. आपल्याच माणसानं आपल्या हातचं नाकारणं म्हणजे काय, हे तिथं कुणाला समजावायची गरज नव्हती. आक्का पुढच्या ताटाकडे सरकली. पानं तोंडात टाकताना मी गोडाचा विचार केला होता, तिचा केलाच नव्हता.

जेवणं उरकल्यावर ती मागं भांडी घासत होती. मी जवळ बसले.

"आक्का, मला साखर झालीया."

"कसली साखर?"

"रोग. साखरंचा."

तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तुला? आन् कवापास्नं?"

"वरीस होऊन गेलं."

पर्समधलं पान काढून तिला दिलं. तिनं चावलं, गुळाचा खडा तोंडात टाकला आणि थुंकला. "अगं आई गं! मातीच की ही!" मला वाटलं आता हसेल. ती हसली नाही. चूळ भरून तिनं पदरानं तोंड पुसलं.

"म्हंजे माझी हुग्गी तू चाखलीच न्हाईस," ती म्हणाली.

"न्हाय."

"आधी बोलली असतीस तर बिनगुळाची वाटीभर बाजूला काढली असती. भनीपास्नं काय लपवायचं?"

मी तिचं पातेलं पुढं ओढून घासायला घेतलं.

त्यानंतर आक्कानं एक व्रतच घेतलं. लग्न असो, बारसं असो, एसटीत बसलेलो असो, ती मोठ्यानं सांगायची, "माझ्या भनीला साखर हाय, ग्वाड द्यू नगा!" ऐकणारे वळून बघत. मी पदर सारखा करत खिडकीबाहेर बघायची. तिला गप्प बस म्हणायचं धाडस मात्र कधी झालं नाही.

अशाच एका लग्नात, आक्का ओरडून गेल्यावर, विडीच्या कारखान्यातली एक बाई मला मांडवामागं घेऊन गेली. कुजबुजत म्हणाली, "बाई, मी लघवीला बसल्या जागी मुंग्या लागत्यात. घरात कुनाला म्हाईत न्हाय. आक्कानं सांगितलेला त्यो पाला मलाबी मिळंल?"

"पाला नंतर बघू," मी म्हटलं. "आधी माझ्याबरोबर दवाखान्यात चल."

पुढच्या आठवड्यात ती बेळगावला आली. सरकारी दवाखान्याच्या रांगेत तिनं पदरानं अर्धं तोंड झाकलं होतं आणि माझं मनगट घट्ट धरलं होतं. आमची पाळी आली. नर्सनं कानडीत विचारलं, काय होतंय? ती बाई माझ्याकडे बघायला लागली, म्हणून मी सांगितलं. पण इतक्या हळू, की नर्सला दोनदा विचारावं लागलं.