बाबांचा उतरवलेला मुखवटा

अपमान झाला तो माझ्या बाबांचा, मी सातवीत असताना, नाताळच्या आदल्या संध्याकाळी, परळच्या एका मॉलमध्ये. आज दादरच्या दुकानात रबरी मुखवट्याचा वास आला आणि सगळं आठवलं.

गावच्या शिमग्यात संकासुराचं सोंग घेणाऱ्या बाबांना मॉलने आल्प्सकडचा शिंगवाला राक्षस बनवून नाताळच्या मिरवणुकीत पोरांना घाबरवायलाच बोलावलं होतं. एक पोर रडलं.

“मुखवटा काढ आणि माफी माग!” मॅनेजर ओरडला.

गावात देवळात पोचेपर्यंत मुखवटा न काढणाऱ्या बाबांनी तो भर गर्दीत काढला. “चुकलं, साहेब.”

“तुझे बाबा ना रे?” माझ्यासोबत मिरवणूक बघायला आलेल्या मित्राने मला विचारलं.

“नाय.”

बाबांनी ते ऐकलं. तेव्हा मला त्यांची लाज वाटली होती. आता स्वतःची वाटते.

यंदा नाताळात तुमचं पोर अशा राक्षसाला घाबरलं, तर त्याला कडेवर घ्या आणि माफी मागायला लावणाऱ्या मॅनेजरला तिथल्या तिथे अडवा.