हर्षाची मिरचीची चार रोपं

सुंदराबाईच्या नाकावर राग कायमचा मुक्कामाला होता. पण त्या रविवारी तो जसा चढला, तसा उभ्या जन्मात चढला नव्हता.

तीस वर्षं तिनं मोर्शीकडच्या एका रोपवाटिकेत संत्र्याची कलमं बांधली. मालकालाही सुनावायची, "झाडाले तुमचं मालकपण समजत नाही, पानी समजते!" म्हातारपणी लेकाकडे अमरावतीला आली आणि चार महिन्यांत रिकामं बसून वैतागली. तेवढ्यात रागिणीताईंचं काम आलं. रागिणीनं आपल्या नऊ वर्षांच्या लेकीला, हर्षाला, शाळेतून काढलं होतं. होमस्कूलिंग म्हणे! गणित, विज्ञान, सगळं घरच्या बागेतून शिकायचं. आणि बाग शिकवायला सुंदराबाई, मंगळवारी नि शुक्रवारी.

"मी चौथीपर्यंतच शिकेल बाई. मी काय शिकवू?" ती म्हणाली, पण गेली.

हर्षानं मिरचीचे वीस दाणे पेरले आणि दिवसातून चारदा पाणी घातलं. काळी माती ती, पाणी धरून बसली. एक दाणा उगवला असेल तर शपथ! सुंदराबाईनं माती उकरून कुजका दाणा पोरीच्या तळहातावर ठेवला.

"पाह्य नीट. काहून मेला हा?"

हर्षानं नाक मुरडलं, विचार केला. "बुडाला."

"मंग लिव तसं वहीत."

दुसऱ्या खेपेला पोरगी भीतीनं पाणीच घालेना. तेही दाणे वाया गेले, तेही वहीत लिहिलं. तिसऱ्यांदा ती रोज माती बोटानं चाचपायची, मगच पाणी. विसातले चार उगवले! विसातले चार म्हणजे पाचातला एक, हे तिचं तिनंच काढलं आणि अंगणभर नाचली. सुंदराबाईला इतका आनंद झाला की ती खेकसलीच, "नाचू नको वं, पाय पडन रोपावर!"

त्या रविवारी मुलांना घरीच शिकवणारे आणखी काही आईबाप बाग पाहायला येणार होते, म्हणून सुंदराबाईला मुद्दाम बोलावलं होतं. फाटक उघडून ती वाफ्यापाशी गेली आणि जागच्या जागी थिजली. वाफ्यात आठ झाडं, गुडघाभर उंच, मिरच्यांनी लगडलेली. नर्सरीतून आणलेली! हर्षाची चार रोपं केराच्या टोपलीत मान टाकून पडली होती.

"हे कोनं केलं?"

"हळू बोला ना मावशी," रागिणी म्हणाली. "तीन महिन्यांत चार बोटांएवढी रोपं? काय दाखवणार लोकांना? तिलाच लाज वाटली असती."

"तिले, का तुमाले?"

रागिणीचे डोळे भरून आले. "सासरचे रोज विचारतात, पोरगी घरी बसवून काय शिकवलंस? मी काय दाखवू, तुम्हीच सांगा."

सुंदराबाईला क्षणभर कीव आली. राग मात्र तसूभरही उतरला नाही.

पाहुणे आले. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी हर्षाला विचारलं, "वा! हे सगळं तू बियांपासून वाढवलंस?"

हर्षानं आईकडे पाहिलं. मग सुंदराबाईकडे. मग खाली.

"हो."

"किती दिवस लागले?"

"सत्तर." सकाळीच आईनं पाठ करून घेतलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

सुंदराबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. झाडं उपटून फेकायला हात शिवशिवले, पण त्या बिचाऱ्यांनी कोणाचं काय घोडं मारलं होतं? ती सरळ रागिणीसमोर उभी राहिली. सगळ्यांदेखत.

"ताई, पेरनं शिकवाले मले तीन महिने लागले. खोटं बोलनं तुमी एका सकाळीत शिकवलं. माह्यापेक्षा तुमीच हुशार मास्तरीन!"

रागिणी लालबुंद झाली. "मावशी, आता येऊ नका तुम्ही."

"कोन येते इथं!"

खुरपं पिशवीत घालून ती फाटकापर्यंत गेली आणि तिथं उगाचच थांबली. पोरगी हाक मारेल असं तिला वाटलं. एक पाहुणी हर्षाजवळ वाकून विचारत होती, "खत कोणतं घातलंस गं?"

हे तर कोणी पाठ करून घेतलं नव्हतं, आणि खत तर अजून घातलंच नव्हतं. सुंदराबाईनं कान दिला.

"शेणखत," हर्षा म्हणाली, "आणि थोडी राख." जराही अडखळली नाही.