बिदर ते निंबर्गा: सरळ रस्ता आणि पसरलेला प्रकाश

अण्णांचा पुन्हा फोन आला तेव्हा मी बिदरला मैलूरच्या घरी चहा पीत होतो. "साहेब, येवा की! लाइन अशीच अडकली तर पोरगी बेंगळुरूला जायली बघा."

अण्णा निंबर्ग्याचे किराणा दुकानदार, आणि मी त्या भागातल्या इंटरनेटच्या ऑप्टिकल लाइनचा इंजिनिअर. त्यांची महादेवी घरून नोकरी करते. व्हिडिओ कॉल धड चालत नसेल तर बेंगळुरूच्या ऑफिसात येऊन बस, असं कंपनीनं बजावलेलं. घरात बापलेक दोघंच. निघालो.

बसवकल्याणपर्यंत रस्ता झकास. पुढे स्वतःची गाडी असलेली बरी, बसची वाट बघून जीव जातो. बसवकल्याणला भाकरी आणि अंबाडीची भाजी खा, तिला इथं पुंडी म्हणतात. तिखट डोळ्यांतून निघतं, पण खा.

डोक्यात मात्र लाइनच. प्रकाशाच्या प्रत्येक ठोक्यात थोडे वेगवेगळे रंग असतात. काचेच्या तारेत ते सारख्या वेगानं धावत नाहीत, त्यामुळे लांबवर ठोका पसरतो आणि शेजारच्यात मिसळतो. म्हणून उलट्या स्वभावाच्या तारेचं रीळ जोडतात, म्हणजे मागे पडलेला रंग पुढच्याला गाठतो. रीळ होतं, मग घोडं अडलं कुठं?

कोहिनूर गावाच्या पुढे ड्रायव्हर इलियास खूश झाला. "देखो साब, पुराना चक्कर गया. सीधा रोड कर दिये!"

मी कपाळावर हात मारला. रस्ता सरळ झाला तेव्हा तारही सरळ नेली होती, म्हणजे आखूड झाली. खोदणाऱ्यांनी जोडणी केली, पण आमच्या लाइनच्या केंद्रात कुणाला सांगितलंच नाही. आमच्याकडे हे असंच चालतं! रीळ जुन्या वळशाच्या मापाचं राहिलं आणि प्रकाश उलट्या बाजूनं पसरू लागला. इंटरनेटच्या जुन्या वेगाला ते खपलं, यंदाच्या वाढवलेल्या वेगाला खपेना.

आळंदच्या केंद्रात लहान रीळ लावलं. निंबर्ग्यात महादेवीचा कॉल एकदाही अडकला नाही. अण्णांनी बळंबळं शेंगाचटणी बांधून दिली. "आता पोरगी कुठं जायची न्हाई," म्हणाले. मलाही फार बरं वाटलं.

घरी आल्यावर महिन्याभरानं अण्णांचा व्हिडिओ कॉल आला.

"महादेवी कुठाय?"

"बेंगळुरूला. तुम्ही गेल्यावर दुसऱ्या कंपनीची मुलाखत दिली की तिनं. एकदाबी तुटली न्हाई बघा लाइन. मोठी नोकरी लागली."

"मग कामून रडायलाव अण्णा?"

"न्हाई हो, मिरच्या निवडायलोय."

चित्र इतकं स्वच्छ होतं की त्यांचे रिकामे हात मला दिसत होते.