गावाचं नेट आणि नानांची केळी

आमच्या मळ्यात चार घरं. यावलच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. गाव पलीकडे आणि मध्ये नुसती केळीची शेतं. मोबाइलची रेंज हवी असेल तर विहिरीच्या कठड्यावर उभं राहा, फोन वर धरा आणि देवाचं नाव घ्या. कंपन्यांच्या हातापाया पडून झालं, पण एवढ्याशा वस्तीसाठी कोण मेलं तार टाकतंय? शेवटी गावानंच ठरवलं की आपलं नेट आपणच आणायचं. भंडाऱ्याला काढतो तशी घरटी वर्गणी काढली, चर खणायला घरोघरचे हात लागले, यावलहून वायर आली. ग्रामपंचायतीच्या गच्चीवर खांब उभा राहिला आणि लांबच्या घरांना सिग्नल मिळावा म्हणून पत्र्यांवर डिश बसल्या. कुठल्या शेठची मालकी नाही, सगळं गावाचं. त्या दिवशी मलासुद्धा भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू?

मला नेटचं कौतुक नव्हतं, कौतुक होतं लेकीचं. ती सासरहून परत आली होती, कायमची. काय झालं ते इथं सांगत नाही, तिनं मलाही धड सांगितलं नाही. आली तेव्हा दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून पडायची. तिचे वडील असते तर काही बोलले असते. मला आपलं जेवायला वाढण्यापलीकडे काही सुचायचं नाही. नेट आलं आणि तिनं पुण्याच्या एका कंपनीचं काम धरलं. घरात बसून लोकांचे फोन घ्यायचे, त्यांची गाऱ्हाणी ऐकायची आणि गोड बोलून वाटेला लावायचं. कानाला यंत्र लावून ती ओसरीलगतच्या खोलीत बसायची आणि मी बाहेर आवाज न करता भांडी घासायची. महिनाभरात पोरगी माझ्यावर ओरडायला लागली, भाजीत मीठ जास्त झालं म्हणून. अगं बाई, त्या ओरडण्यानं मला किती बरं वाटलं!

एकदा जेवताना म्हणाली, "आई, मला आता कुठेही जायचं नाही. इथंच राहायचं." मी म्हटलं, "मग राहा की. कोण हाकलतंय तुला?"

आता आमच्या सगळ्यांच्या अकलेची गोष्ट सांगते. डिश बसवायला धुळ्याहून एक इंजिनियर आला होता. भर उन्हाळा. माझ्या घरासमोर नानांचं शेत, नाना म्हणजे माझे चुलत दीर. ते शेत आमच्या अंगणापेक्षा चांगलं पुरुषभर उंच. तेव्हा नांगरून मोकळं पडलेलं, पार गावापर्यंत नजर जायची. इंजिनियर पत्र्यावरून खाली बघत म्हणाला, "ह्या डिशला ग्रामपंचायतीवरच्या डिशचं तोंड दिसायला पाहिजे. मध्ये काही उभं राहणार नाही ना? बंगला, गोडाऊन?" खाली आम्ही सगळे उभे होतो, नानासुद्धा. सगळे एका सुरात बोललो, "छे हो, समोर शेतच आहे!"

तो बिचारा धुळ्याकडचा. त्याच्या डोळ्यापुढे शेत म्हणजे कमरेएवढी कपाशी नाहीतर बाजरी. पण आम्ही? आमचा जन्म केळीत गेला. कुठल्या महिन्यात केळ किती वर येते ते झोपेत विचारलं तरी सांगू. तरी एकाच्याही डोक्यात आलं नाही की मृगाला इथं बाग लागणार आहे. केळ आडवी येऊ शकते, हे आम्हाला कधी वाटलंच नव्हतं. कपाळ आमचं!

दिवाळीपर्यंत पानं पत्र्याच्या वर गेली. ओली, रुंद, हिरवीगार पानं. वारा सुटला की नेट यायचं-जायचं, पाऊस पडला की ठप्प. फोनवर लोक लेकीला शिव्या घालायचे, आवाज तुटतो म्हणून. ती खोलीतून बाहेर यायची, केळीकडे बघायची आणि परत आत जायची. आम्ही डिशला लांब पाइप लावून पाहिला, तर वाऱ्यानं तो हलायचा आणि होतं तेही जायचं.

मी ग्रामपंचायतीत गेले. नेटची बैठक होती. म्हटलं, मधल्या बांधावर एक पक्का खांब टाका, प्रश्न मिटेल. सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाला, "आमचं त बरोबर चालू हाये, अक्का." दुसरा म्हणाला, बांधाचं नानांना विचारा. तिसऱ्यानं चहा मागवला. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "वर्गणी काढताना आमचा मळा गावात होता ना? आता कुठं गेला, मध्य प्रदेशात?" सगळे हसले. मी भांडत होते आणि त्यांना करमणूक झाली. चहा पिऊन सगळे आपापल्या घरी गेले. गावाचं म्हणजे कोणाचं, ते मला त्या दिवशी कळलं.

मग नानांकडे गेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं. खांबाला खड्डा खणायचा, माणसं आत शिरायची, म्हणजे ठिबकच्या नळ्या आणि बांधालगतची केळी तुटणार. कापणीनंतर खुशाल टाका. मी म्हटलं, "नाना, मग माझ्या समोरची एक ओळ तरी काढा. नाहीतर पानं छाटा. पोरीची नोकरी चाललीय हो." त्यांनी मला शेतात नेलं. बाग नुकती निसवली होती, प्रत्येक केळीच्या पोटातून घड बाहेर पडत होता. नाना म्हणाले, "वहिनी, निसवेल केळीले कोनी कोयता लावते का? तूच सांग. पोटुशी बाईच ती."

माझ्या सासूबाईंनी मला हेच शिकवलं होतं. निसवलेल्या केळीला कोयता लावत नाहीत, मग ती कोणाचीही असो. नाना वाईट असते तर बरं झालं असतं, चार शिव्या हासडून मोकळी झाले असते. मी त्या घडांकडे बघत उभी राहिले आणि घरी आले.

होळीच्या आधी कंपनीनं लेकीला सांगितलं, पुण्याला येऊन ऑफिसात बसा, नाहीतर काम सोडा. तिनं दोन दिवस काही खाल्लं नाही. मग बॅग भरली. मी म्हटलं, "सोड ना काम, आपण दोघी भागवू." ती म्हणाली, "आणि मी परत भिंतीकडे बघत बसू?" यावलच्या स्टँडवर एसटी लागली तेव्हा तिनं मागं वळून पाहिलं नाही. मीही हाक मारली नाही.

कापणीला थोडेच दिवस राहिले असताना वादळ आलं. आमच्याकडे येतं तसं, मृगाच्या तोंडावर. घटकाभरात नानांची सगळी बाग झोपली. एक केळ उभी राहिली नाही, घड चिखलात पडले होते. सकाळी दार उघडलं तर समोर थेट गाव दिसत होतं, ग्रामपंचायत आणि वरचा खांब. नाना बांधावर डोक्याला हात लावून बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

दुपारी घरात फोन वाजला. विहिरीवर न जाता, घरात! लेकीचा व्हिडिओ कॉल होता. चित्र असं लख्ख, की तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसत होती. "आई, नेट आलं का गं? किती स्वच्छ दिसतेस! नानांनी बाग कापली?"

मी नुसती मान हलवली. तिच्या मागे लोखंडी कॉट होत्या, एकीवर एक, दोऱ्यांवर परक्या मुलींचे कपडे वाळत होते. ती म्हणाली, "कंपनीला वर्षभराचं लिहून दिलंय गं मी आता." मी खूप प्रयत्न केला, पण मला आवरलं नाही.

तिनं मागं वळून पाहिलं आणि फोन तोंडाजवळ आणला. "आई, हळू रड. इथं रात्रपाळीच्या मुली झोपल्यात."