पाव्हणेमामांचं लॉज

गंगाखेडच्या त्या लॉजवर खोली मागितली की मॅनेजर आधी नाव विचारत नसत. चष्म्यावरून तुमच्याकडे नीट बघत आणि विचारत, "पाव्हणं, सुखाचं हाय का दुखाचं?"

बँकेतल्या बदलीनं मी त्या गावात आलो, तेव्हा स्टँडवरून बॅग घेऊन थेट तिथंच गेलो. मलाही त्यांनी तेच विचारलं. "बदलीचं," मी म्हणालो. ते हसले. "म्हंजे आजून ठरायचं हाय," म्हणाले आणि किल्ली पुढे केली. घर मिळून बायको-मुलं यायला उन्हाळा उजाडला, तोवर मी तिथंच राहिलो. गिऱ्हाईक हा शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. उतरायला आलेला प्रत्येक जण त्यांच्यासाठी पाव्हणा. म्हणून सगळं गाव त्यांना पाव्हणेमामा म्हणे.

त्या प्रश्नाला कारण होतं. गोदावरीला तिथं सगळे गंगाच म्हणतात. आपल्या माणसाच्या अस्थी घेऊन दूरदूरच्या खेड्यांतून लोक घाटावर येतात. त्याच गावात मंगल कार्यालयं आहेत, साखर कारखान्याच्या कामाला येणारी माणसं आहेत. एकाच छपराखाली कुणी लग्नाला आलेला असे, कुणी आईला पोचवायला. मामा दुखाच्या पाव्हण्यांना खालच्या मागच्या खोल्या देत. त्यांची दारं अंगणात उघडत आणि अंगणातून घाटाकडे वाट जाई. अस्थी कुणी छताखाली नेत नाही, म्हणून अंगणातल्या कडुलिंबाच्या फांदीला त्यांनी कड्या अडकवून ठेवल्या होत्या. आचाऱ्याला ते नुसतं सांगत, "खालच्या ताटाला फोडणी नको." तो समजून जाई.

मालक परभणीला राहत. त्यांचं तिथं बी-बियाण्यांचं दुकान होतं. त्यांनी पाठवलेला एक इंजिनियर एकदा टेप घेऊन आला. लिंब काढला तर पार्किंग होईल, चार गाड्या लागतील, असं त्याचं म्हणणं. मामा म्हणाले, "गाडी कुठंबी लागती, सायेब. ह्यांनी आपला बाप कुठं टांगायचा?" इंजिनियर टेप गुंडाळून चहा पिऊन गेला.

पंख्याचा वारा नीट लागावा म्हणून मी एकदा माझी खाट फिरवली. संध्याकाळी येऊन बघतो तर ती पुन्हा पहिल्या जागी. मी विचारलं, तर मामा म्हणाले, "उत्तरंला डोकं करून हितं कुणी झोपत न्हाई, अन् मुसलमान पाव्हणे पश्चिमंला पाय करीत न्हाईत. उशी दक्षिणंला ठिवली की दोघाचंबी भागतं. तुमाला वाऱ्याचा इंतजाम येगळा करतो." आणि त्यांनी खरंच माझ्या खोलीत एक टेबलफॅन आणून ठेवला.

मामा स्वतः बौद्ध होते. अस्थी, पिंड, तिथी यातलं त्यांच्या घरी काहीच पाळत नसत. "तुमचा ह्यावर विश्वास नाही, मग एवढं कसं सांभाळता?" असं मी एकदा विचारलं. ते चादरींच्या घड्या घालत होते. "खोली काय मी माझ्यासाठी द्यायलोय का?" एवढंच म्हणाले. त्यांचं आडनाव कळल्यावर काही पाव्हणे त्यांच्या हातचं पाणी घ्यायला मागेपुढे बघत. मामा तांब्या ठेवून निमूट बाजूला होत. "तहान लागली की पितेत," म्हणत. बहुतेक जण पीतही. पण न पिणाऱ्याचा भरलेला तांब्या परत नेताना त्यांचा चेहरा कसा होई, तेही मी पाहिलं आहे.

त्यांची परीक्षा झाली ती ऐन लग्नसराईत. वरचा सगळा मजला पाथरीकडच्या एका वऱ्हाडानं घेतला होता. नवरीला वडील नव्हते, सगळा कारभार तिच्या चुलत्याच्या हाती. सकाळी जिंतूरकडच्या दोन बहिणी आईच्या अस्थी घेऊन आल्या. मामांनी त्यांना मागची खोली दिली, गाठोडं लिंबाला अडकवलं. चुलत्यानं ते वरच्या गॅलरीतून पाहिलं आणि तडक खाली आला. मी टेबलाशी पेपर वाचत बसलो होतो.

"लगीन हाय आमचं. हे हितं चालणार न्हाई. त्यांना दुसरीकडं पाठवा."

"गावात कुठंच जागा न्हाई, पाव्हणं. तिथी दाट हाय."

"मग बसस्टँडवर बसू द्या. न्हाईतर आमी जातो, अन् का गेलो ते मालकाला सांगतो."

त्यानं तिथल्या तिथं मालकांना फोन लावला आणि मामांच्या हाती दिला. मामा बराच वेळ ऐकत राहिले. "बरं," म्हणाले आणि फोन परत दिला. मग किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला.

"मालक म्हणायलेत त्यांना काढा. ते माझ्याच्यानं व्हायचं न्हाई. मीच जातो."

त्यांनी खुंटीवरची पिशवी घेतली. चप्पल पायात सरकवली. त्या वयात दुसरी नोकरी कुठून मिळणार होती त्यांना?

तेवढ्यात जिन्यावरून नवरी उतरली. अंगाला ओली हळद, तशीच.

"काका, पप्पांना आणलं तवा आई अन् मी हितंच उतरलो हुतो," ती म्हणाली. "तुमी जीपनं परस्पर घाटावर आलाव, तुमाला ठाव न्हाई. पप्पांचं गाठोडं ह्याच झाडाला हुतं. मी दिसभर जेवले नव्हते, तर मामांनी दूध आणून दिलं अन् संपस्तोवर उभे ऱ्हायले. म्हणून तर मी आईला म्हणलं, उतरायचं तर तिथंच."

चुलता बाकावर बसला. मग त्यानं मामांना विचारलं, "तुमी वळखलं हुतं का आमच्या पोरीला?"

"आल्या आल्या."

"मग बोललाव का न्हाई?"

"लग्नाला आलेल्या लेकराला दुखाची वळख कशाला द्यायची?"

चुलत्यानं उठून जुडगा उचलला आणि मामांच्या हातात ठेवला. दुपारी त्या दोघी बहिणी गाठोडं उतरवून घाटाकडे निघाल्या, तेव्हा समोर वाजंत्री वाजत होती. चुलत्यानं हात वर करून ती थांबवली. बहिणी अंगणाची वाट उतरून दिसेनाशा होईपर्यंत सगळं वऱ्हाड गप्प उभं होतं. नवरीची आई त्यांच्या मागोमाग घाटापर्यंत चालत गेली.

पुढच्या आठवड्यात मालक आले. मला वाटलं, आता मामांचं काही खरं नाही. पण चुलत्यानं त्यांना आधीच फोन केला होता. काय बोलणं झालं ते मला ठाऊक नाही. मालक अंगणात खुर्ची टाकून लिंबाखाली बसले, चहा प्याले आणि गेले. नंतर मालकांच्या मुलानं लॉजला काच बसवली, लिफ्ट आणली, आता खोल्या मोबाईलवरून ठरतात. पार्किंग मात्र रस्त्याच्या पलीकडे झालं, आणि मागच्या अंगणात पाय धुवायला नळ आला.

मामा आता थकले. पिंगळीला मुलाकडे राहतात. माझी बदली परभणीला झाली, त्यामुळे सवड मिळाली की मी रेल्वेनं जाऊन येतो. बँकेत समोर कुणी आलं की मी आधी कागद बघायचो. आता माणसाचं तोंड बघतो. हे मामांमुळे झालं, असं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाले, "कागदबी बगत जावा, सायेब."

गेल्या हिवाळ्यात मुलानं त्यांना बुद्धगयेला नेलं. उभं आयुष्य लॉजवर काढलेला हा माणूस पाव्हणा म्हणून पहिल्यांदाच कुठं उतरला होता. तिथून त्यांचा फोन आला. मी विचारलं, "हॉटेल कसं आहे?"

"हितला मॅनेजर तरणा हाय. आमच्यातला न्हाई, कपाळाला टिळा असतो त्याच्या. काल म्हणला, बाबूजी, सवेरे आपको क्या लगेगा? मला सांगताच येईना, सायेब. मला काय लागतं ते कुणी कधी इचारलंच नव्हतं. काय न्हाई म्हणलं अन् झोपलो."

मग त्यांनी सकाळचं सांगितलं.

"वंदनेचे पांढरे कपडे बॅगंत पार चुरगळून गेलते. सांच्याला ते खुर्चीवर टाकलेले त्यानं पाहिले असतील, पोराकडून मागून नेले म्हणं. सकाळी दार उघडलं तर इस्त्री करून कडीला टांगलेले. मी तसाच उभा ऱ्हायलो. मग आंघोळ केली, ते घातले अन् वंदनेला गेलो."