बंद ठेवलेलं नेट

हे मी माझ्या सख्ख्या भावालाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगायला बसले आहे, आणि तरी आधी भलतंच सांगत राहीन — मला माहीत आहे.

मालेगावात मी जन्मभर शाळेत शिकवलं. मूलबाळ नाही. हे गेले, मग नोकरी संपली, आणि घरात बोलायला कोणी उरलं नाही. शेजारी कौतिकाबाई राहतात. वाडीत मेथी-पालक लावतात, सकाळी बाजारात विकतात. त्यांचा एकुलता मुलगा सुभाष जन्मापासून मुका-बहिरा, पुण्याला छापखान्यात कामाला. मायलेकांची हातवाऱ्यांची भाषा आहे, त्यांनीच घडवलेली. साधा फोन त्यांच्या काय कामाचा?

म्हणून त्या रोज संध्याकाळी माझ्याकडे यायच्या. मी माझ्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून द्यायची. फोन साखरेच्या डब्याला टेकवायचा, म्हणजे त्यांचे दोन्ही हात बोलायला मोकळे. नंतर आम्ही चहा घ्यायचो. माझ्या दिवसात दुसऱ्या माणसाचा आवाज असायचा तो तेवढाच.

मग सुभाषनं आईसाठी नवा मोबाइल पाठवला. त्या तो पदरात गुंडाळून घेऊन आल्या. ‘‘बाई, मले शिकवा,’’ म्हणाल्या.

शिकवणं — तेवढंच तर मला येत होतं. नेट चालू ठेवायचं, मुलाच्या फोटोवर बोट ठेवायचं, कॅमेऱ्याची खूण दाबायची. दहा मिनिटांचं काम. पण मनात आलं, उद्यापासून या कशाला येतील?

मी नेट बंद केलं. सांगितलं, यात साधा फोनच होतो, व्हिडिओ यायचा नाही.

त्यांनी मान डोलावली. संध्याकाळी माझ्याच मोबाइलवरून मुलालाही तेच सांगितलं. त्यानं हातानं म्हटलं, घरी येईन तेव्हा पाहतो. असे आठ महिने गेले. कोणी विचारलं तर त्या सांगायच्या, बाईनं पाहिला, त्यात येत नाही. बाईनं पाहिल्यावर आणखी कोणाला दाखवायचं?

खरं सांगायचं आहे ते यापुढचं.

मी भाच्याच्या लग्नाला वाशीमला गेले होते, पाच-सहा दिवस. तिसऱ्या दिवशी कौतिकाबाईंचा फोन आला. आवाज ओळखू येईना. सुभाषच्या दोस्तानं त्यांना कळवलं होतं की ताप डोक्यात गेलाय, दवाखान्यात ठेवलंय, काळजी करू नका. त्यांना वाटत होतं, लोक लपवताहेत, पोरगा गेलाच असणार.

‘‘बाई, मले त्याचं तोंड पाहाचं हाये. या फोनचं काहीच करता येत नाही काय?’’

करता येत होतं. वरून बोट ओढा, पहिली खूण दाबा — एवढं सांगायचं होतं. शेजारच्या कोणालाही फोन द्या म्हटलं असतं तरी झालं असतं. पण मग माझं खोटं उघडं पडलं असतं. मांडवात बायका बांगड्या भरत होत्या. मी म्हटलं, ‘‘परवा येतेच मी.’’

ते दोन दिवस त्यांनी कसे काढले? मी कधी विचारलं नाही. आले तेव्हा त्या माझ्या ओट्यावर बसल्या होत्या. माझ्या मोबाइलवर सुभाष दिसला, पलंगावर, सुकलेला, पण जिवंत. त्यांचे हात इतके थरथरत होते की त्याला आई काय म्हणते ते कळेना.

बरा झाल्यावर तो गावी आला, आईबरोबर माझ्याकडेही आला. आईचा फोन हातात घेतला आणि क्षणात नेट चालू केलं. मी गावाला गेलेली म्हणून त्यानं दवाखान्यातून आईच्याच फोनवर करून पाहिलेले, न पोचलेले सगळे व्हिडिओ कॉल एकामागून एक पडद्यावर आले. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘‘काय झालतं वो याले?’’ कौतिकाबाईंनी मला विचारलं. मी म्हटलं, कंपनीकडूनच काही बिघाड असेल. त्या मुलाकडे वळल्या. माझ्याकडे बोट दाखवलं, मग दोन्ही हात जोडले — बाईनं आपल्यासाठी फार केलं, असं त्याला सांगत होत्या.

त्यानं त्यांना काही सांगितलं नाही. मीही नाही.