कोपराला गूळ

माझी ताई कॉलेजात सतरा वर्षं इंग्रजी शिकवत होती, तीही तात्पुरती. दर वर्षी नवी ऑर्डर, दर वर्षी तीच धाकधूक. संध्याकाळी कॉलेजच्याच एका वर्गात ती मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवी. तिथे तिचा एक नियम होता: वाक्य पुस्तकातलं चालणार नाही, घरातलं आणायचं. 'गिव्ह अप' शिकवताना कुणी सिगारेट सोडल्याचं सांगितलं, की ती विचारी, तुम्ही ओढत होता का? नसेल तर वाक्य बाद. त्यामुळे अख्ख्या गल्लीची भांडणं आम्हाला तिथे इंग्रजीतून कळत.

मी त्याच कॉलेजात कारकून. चार वर्षांपूर्वी तिला मिळणार होती ती कायमची जागा रद्द झाली. ते पत्र मीच टाइप केलं; ते फाइललाच राहणार होतं, तिला प्रत नव्हती. सांगायला तिच्या घरी गेलो, तर ती खिडकीचं माप घेत होती. कायम झाल्यावर नवे पडदे लावायचे होते. माझी जीभ रेटेना. फाइल वर गेलीय, होईल गं, म्हणालो. एकदा म्हटलं की पुढे सोपं जातं. त्याच वर्षी दुसऱ्या गावच्या शाळेने तिला कायमची नोकरी देऊ केली, ती तिने मला विचारून नाकारली. मी भित्रा आहे, दुसरं काही नाही.

गेल्या महिन्यात तिला पंचेचाळीस पूर्ण झाली. वयाच्या अटीमुळे आता तिचा अर्ज कुठेच चालत नाही. मंगळवारी मी रजेवर होतो आणि ती फाइलची चौकशी करायला ऑफिसात गेली. माझ्या जागी बसलेल्या बाईंनी ते पत्र काढून दाखवलं. खाली तारीख होती आणि टाइप करणाऱ्याची, म्हणजे माझी, आद्याक्षरं. हे मला बुधवारी त्या बाईंनीच सांगितलं, ताईने नाही.

गुरुवारी वर्गाला कुलूप लावायला म्हणून मी नेहमीसारखा मागच्या बाकावर बसलो होतो. तिने फळ्यावर लिहिलं, 'स्ट्रिंग अलाँग'. हे बोलण्यातलं आहे, अर्जात लिहू नका, असं बजावलं. अर्थ सांगितला: खोट्या आशेवर झुलवत ठेवणं, आपण कोपराला गूळ लावणं म्हणतो तसं. वर्गात येणाऱ्या एका शिंप्याने घरमालकाचं वाक्य केलं. छप्पर दोन वर्षं गळतंय आणि तो उद्या-उद्या करतोय. वर्ग हसला. मग कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुमच्या घरातलं सांगा की.

तिने लिहिलं, 'माय ब्रदर स्ट्रंग मी अलाँग फॉर फोर इयर्स.' माझ्या भावाने मला चार वर्षं झुलवलं.

शिंप्याने नियमाप्रमाणे विचारलं, हे खरं आहे का? ती हो म्हणाली. सगळ्यांनी वाक्य वहीत उतरवून घेतलं.

वर्ग रिकामा झाल्यावर मी म्हणालो, "ताई, तुला दुखवायचं नव्हतं गं."

"माहीत आहे. वाईट हेतू असता तर मला लवकर कळलं असतं." तिने पिशवी खांद्याला अडकवली. "पडदे शिवून ठेवलेत. तुझ्या खिडकीला बसतात का बघ."

ती गेली. मी डस्टर उचललं, पण हात फळ्याकडे जाईना.